रेगे : ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून उमटलेले संगीत

गणेश विसर्जन मिरवणुकीत उभ्या राहणाऱ्या 'डॉल्बी'च्या भिंती हा कोल्हापुरात अनेक वर्षांपासून वादाचा विषय आहे. मात्र ध्वनिक्षेपकांच्या अशाच भिंतींतून एका लहानशा बेटावर नवे संगीत जन्माला आले आणि त्याने जगाच्या संगीताची दिशा बदलली, ही बाब फारशी परिचित नाही. जमैकाचे 'रेगे' हे ते संगीत होय.

तबकड्यांची चढाओढ

कॅरिबियन समुद्रातील जमैका ही ब्रिटिशांची वसाहत. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज तेथे बहुसंख्य आहेत. गुलामगिरी संपुष्टात आल्यावर १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय मजूरही करारावर तेथे नेण्यात आले.

१९५० च्या दशकात राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील श्रोत्यांना वाद्यवृंदाच्या मैफली परवडत नसत. त्यांच्यासाठी 'साउंड सिस्टीम' अवतरली. कपाटाएवढ्या लाकडी पेट्यांतील ध्वनिक्षेपक, अॅम्प्लिफायर आणि तबकड्यांचे यंत्र मोकळ्या जागेत मांडून रात्रभर नाच चाले. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड, ड्यूक रीड व प्रिन्स बस्टर हे यातील प्रमुख प्रतिस्पर्धी. तबकडी कोणती, हे इतरांना कळू नये म्हणून तिच्यावरील नाव खरवडून टाकण्यापर्यंत ही स्पर्धा गेली होती.

या तबकड्या अमेरिकेतून येत. दशकाच्या अखेरीस तेथे रॉक अँड रोलची लाट आली आणि किंग्स्टनच्या आवडीचे संगीत मिळेनासे झाले. तेव्हा या मंडळींनी स्थानिक गायक-वादकांना घेऊन स्वतःच ध्वनिमुद्रण सुरू केले. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९६३ मध्ये डॉड यांचा 'स्टुडिओ वन' उभा राहिला. द्रुत लयीचे 'स्का', १९६६ च्या सुमारास संथ झालेले 'रॉकस्टेडी' आणि १९६८ मध्ये 'रेगे' असा हा प्रवास आहे. 'टूट्स अँड द मेटल्स' यांच्या त्याच वर्षीच्या 'डू द रेगे' या ध्वनिमुद्रिकेने हे नाव रूढ केले.

रिकामी सम

रेगेचे वेगळेपण त्याच्या ठेक्यात आहे. चार मात्रांच्या आवर्तनात गिटारचा तुटक आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतो. 'वन ड्रॉप' या प्रकारात पायाने वाजविण्याच्या ड्रमचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि पहिली मात्रा रिकामी राहते. आपल्याकडे ज्या समेवर येण्याची श्रोता वाट पाहतो, ती जागाच येथे मोकळी असते. ती पोकळी बेस गिटारची खोल धून भरून काढते.

शब्दांचा आशय गरिबी, पोलिसी जाच, आफ्रिकेची ओढ आणि रास्ताफारी पंथाची श्रद्धा यांभोवती फिरतो. लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक यांच्या शाहिरीवर पोसलेल्या करवीरनगरीला अन्यायाविरुद्ध उठणारे गाणे नवीन नाही.

कलावंत आणि ध्वनिमुद्रिका

डेस्मंड डेकर यांचे 'इझ्रायलाइट्स' १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. १९७२ च्या 'द हार्डर दे कम' या चित्रपटात जिमी क्लिफ यांनी रंगविलेल्या गायकाला गाण्याचे अवघे २० डॉलर मिळतात. तुटपुंज्या मानधनावर हक्क गमावणाऱ्या अनेक कलावंतांचेच ते चित्र होते.

बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर यांच्या 'वेलर्स'चा 'कॅच अ फायर' हा संग्रह १९७३ मध्ये जगभर पोहोचला. डिसेंबर १९७६ मध्ये मार्ली यांच्यावर राहत्या घरी गोळीबार झाला. दोनच दिवसांनी ते जाहीर कार्यक्रमात गायले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी मायकेल मॅन्ली व एडवर्ड सीगा या कट्टर राजकीय विरोधकांचे हात व्यासपीठावर एकत्र आणले. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

प्रभाव

आज टी-शर्टवर मार्लींचा चेहरा दिसतो. पण रेगेचा खोल ठसा अन्यत्र आहे. विद्युत उपकरणे दुरुस्त करणारे किंग टबी यांनी तयार गाण्यातील गायन वगळून, ठेका व प्रतिध्वनी उठावदार करून 'डब' घडविले. आजच्या रिमिक्सच्या मुळाशी हे तंत्र आहे. किंग्स्टनमध्ये जन्मलेले कूल हर्क यांनी ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या नाचाच्या कार्यक्रमापासून हिप-हॉपचा प्रारंभ मानला जातो. २०१६ मध्ये शेजारच्या गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव सुरू झाला. २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आवाजाच्या मर्यादेचा प्रश्न जमैकालाही सुटलेला नाही. तेथे १९९७ पासून स्वतंत्र ध्वनिनियंत्रण कायदा आहे. आपल्याकडील २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि ती पाळलीच पाहिजे. मात्र किंग्स्टनच्या वस्त्यांनी त्या भिंतींसाठी स्वतःची गाणी, गायक आणि ध्वनिमुद्रणगृहे उभी केली. कोल्हापूरच्या डॉल्बीवर बहुतांशी तयार चित्रपटगीते आणि त्यांची रिमिक्स वाजतात. आवाज किती, या वादात वाजते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.