मिक्सरचे शून्य आणि संगणकाचे शून्य

२००१ सालची गोष्ट. मी तेव्हा एम.एस्सी.ला होतो. माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. त्या संगणकावर मुद्रित करायचे ठरले. वाद्यवृंदातल्या एका मित्राचा जुना मिक्सर आणला आणि त्याची वायर संगणकाच्या साउंड कार्डाला जोडली. आत्या दोन तास गायली. मिक्सरवरची सुई एकदाही तांबड्या पट्ट्यात गेली नाही. मिक्सरला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ होता. रात्री संगणकावर ऐकले, तर प्रत्येक ओवीची उचल फाटलेली! पुढच्या सुट्टीत पुन्हा करू म्हटले. पण त्याआधीच आत्या गेली.

सुई बरोबर होती, कार्डही बिघडलेले नव्हते. मग चूक कुठे झाली? उत्तर शोधताना मी थेट टेलिफोनच्या काळात जाऊन पोचलो.

लांबच्या तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो, हे मोजण्यासाठी अमेरिकेतल्या टेलिफोन अभियंत्यांनी एक एकक वापरात आणले. १९२८ च्या सुमारास त्याला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या नावावरून 'डेसिबल' हे नाव मिळाले. डेसिबल म्हणजे गुणोत्तर. त्यामुळे 'कशाच्या तुलनेत?' हे सांगावे लागते. टेलिफोनवाल्यांनी ६०० ओहम रोधात १ मिलिवॅट शक्ती हे शून्य मानले. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध, हे सूत्र वापरून पाहा: उत्तर ०.७७५ व्होल्ट येते.

१९३९ मध्ये बेल प्रयोगशाळा आणि सीबीएस व एनबीसी या नभोवाणी कंपन्यांनी मिळून सुईचा 'व्हीयू' मापक तयार केला. मापकामुळे मूळ संकेत बिघडू नये म्हणून त्याच्याआधी ३६०० ओहमचा रोध जोडला. त्यामुळे सुई ४ डेसिबल कमी दाखवू लागली. म्हणजे सुई शून्यावर असताना तारेत प्रत्यक्षात १.२३ व्होल्ट असत. स्टुडिओंमध्ये हीच पातळी रूढ झाली आणि मिक्सरमध्येही आली.

घरगुती टेपरेकॉर्डरची गोष्ट वेगळी. तिथे वायर हातभर लांबीची आणि मंडले स्वस्तातली. त्यांची पातळी ठरली १ व्होल्टपेक्षा १० डेसिबल कमी, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. स्टुडिओच्या जवळजवळ एक चतुर्थांश!

१९७९ मध्ये जपानी टॅस्कॅम कंपनीचा 'पोर्टास्टुडिओ' आला. मिक्सर आणि चार मार्गांचा कॅसेट रेकॉर्डर एकाच पेटीत असल्याने त्या दोघांना जोडण्याचा प्रश्नच नव्हता. संगणकाने ही जोडी पुन्हा वेगळी केली. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे 'साउंड ब्लास्टर' कार्ड १९८९ मध्ये आले. ते ८ बिटचे, म्हणजे आवाजाच्या २५६ पायऱ्या मोजणारे होते. १९९२ च्या 'साउंड ब्लास्टर १६' ने ६५,५३६ पायऱ्या मोजल्या. घरी सीडीच्या तोडीचे मुद्रण करणे आवाक्यात आले. पण अशा कार्डांची लाइन-इन खाच घरगुती उपकरणांसाठी होती. तिथे स्टुडिओच्या पातळीचा मिक्सर जोडला, की चौपट विभवांतर येऊन धडकणार.

त्यात दोन गोष्टींची भर पडते. व्हीयूची सुई जड असते. नेमक्या जागी पोचायला तिला सुमारे ०.३ सेकंद लागतात. ओवीची उचल त्याहून झटपट येते आणि सुईला ती पूर्ण दिसतच नाही. दुसरे म्हणजे, चुंबकीय फीत जादा संकेत हळूहळू दाबते. कानाला ते फारसे खुपत नाही. आकड्यांच्या मुद्रणात मात्र शेवटच्या पायरीवर जिना संपतो. त्यावरच्या लहरीचा माथा सपाट कापला जातो, आणि कापलेला भाग परत मिळत नाही.

मग आवाज अगदी बारीक ठेवावा का? तसेही नाही. संकेत चौथाई केला, की १६ बिटपैकी दोन वाया जातात आणि १६,३८४ पायऱ्याच उरतात. आवाजाच्या तुलनेत खरखर वाढते.

वर्गात हा प्रयोग करता येईल. मिक्सरची वायर मायक्रोफोनच्या खाचेत घालू नका. ती खाच काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असते. वायर लाइन-इनला जोडा. एखाद्या विद्यार्थ्याला सर्वांत मोठ्या आवाजात गायला सांगा. एकदा मिक्सरची मुख्य कळ पूर्ण वर ठेवून आणि एकदा खाली आणून मुद्रण करा. पडद्यावर दोन्ही लहरी मोठ्या करून पाहिल्या, की पहिलीचे माथे सुरीने कापल्यासारखे दिसतील.

हल्ली यूएसबीचे मिक्सर मिळतात. मधली वायर गेली. तरी शेवटची पायरी तिथेच आहे. म्हणून आधी अर्धा मिनीट मुद्रण करावे आणि ते संगणकातून ऐकावे. मी मिक्सरच्या बाजूने ऐकत बसलो. त्या अर्ध्या मिनिटाने आत्याच्या ओव्या वाचल्या असत्या.