पांढऱ्या एप्रनवरचे हट्टी डाग: ब्लीच वापरण्याआधी डाग ओळखा

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडमधील रुग्णालयांत काम करणाऱ्या अनेकांचे एप्रन घरीच धुतले जातात. डाग दिसला की लगेच ब्लीच ओतू नका. काही डाग त्यामुळेच पक्के होतात. घरी ड्रेसिंग होणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या चादरींनाही हेच लागू आहे.

रक्त: हातमोजे घालून थंड पाण्यात भिजवा, मग डिटर्जंटने धुवा. गरम पाण्याने रक्तातील प्रथिने घट्ट होऊन डाग धाग्यात बसतो. सुती कापडावर डाग उरल्यास ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावा.

बीटाडीन (पोव्हिडोन आयोडीन): लगेच साबणाने धुवा. डाग राहिल्यास रंग नसलेली व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून लावा आणि भरपूर पाण्याने खळबळा.

क्लोरहेक्झिडिन: यावर क्लोरीन ब्लीच कधीच नको. तपकिरी डाग पडतो आणि तो सहसा जात नाही. डिटर्जंटने धुऊन ऑक्सिजन ब्लीच वापरा.

सावधान: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू तयार होतो. डोळे चुरचुरले, खोकला आला किंवा दम लागला, तर लगेच मोकळ्या हवेत जा. त्रास थांबला नाही तर रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात एप्रन ओला ठेवू नका. बुरशीचे काळे ठिपके पडतात. डाग पूर्ण गेल्यावरच इस्त्री करा.