व्हॅरसाच्या पराभवाचें स्थळ

इ. स. ९ मध्यें जर्मनीच्या अरण्यांत रोमन सेनेचा जो घात झाला, तो इतिहासज्ञांस विदित आहेच. पब्लियस क्विंक्टिलियस व्हॅरस हा सुभेदार तीन लीजन, घोडदळाचीं तीन पथकें व सहा कोहोर्ट यांसह कूच करीत असतां, चेरुस्की टोळीच्या आर्मिनियसानें त्यास आडवाटेस नेऊन दबा धरून गांठलें. आर्मिनियस हा रोमन नागरिक असून व्हॅरसाच्या पंक्तीस बसणारा होता. त्याचाच स्वजातीय सेगेस्टीस यानें दिलेली सूचना व्हॅरसानें मानिली नाहीं. सैन्य बुडालें, व्हॅरसानें आत्मघात केला, आणि त्या तीन लीजनांचे क्रमांक रोमनें पुन्हा वापरले नाहींत.

परंतु हा प्रसंग घडला कोठें? ‘ट्यूटोबुर्गचें अरण्य’ हें नांव एकट्या टॅसिटसाच्या ‘अॅनल्स’ ग्रंथांत येतें. आणि त्या ग्रंथाचे आरंभींचे भाग नवव्या शतकांतील एकाच पोथींत वांचले आहेत. कॉर्वेच्या मठांतून रोमला गेलेली ही पोथी १५१५ त छापली गेली व हल्लीं ती फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत आहे. नकाशावरील ‘ट्यूटोबुर्गचें अरण्य’ हा मात्र स्वतंत्र पुरावा नव्हे. ऑस्निंग नामक डोंगररांगेस तें नांव सतराव्या शतकांत पंडितांनीं टॅसिटस वाचूनच दिलें. ग्रंथावरून नांव, आणि त्या नांवाचाच ग्रंथास आधार, असें हें चक्र आहे.

तें भेदलें नाण्यांनीं. ऑस्नाब्रुकच्या उत्तरेस बारेनाऊ येथील जमीनदार घराण्यानें आपल्या शेतांत निघालेलीं रोमन नाणीं पिढ्यान्पिढ्या जपून ठेविलीं होतीं. त्यांच्या आधारें मॉम्सेन यांनीं १८८५ त रणभूमि तेथेंच असल्याचें प्रतिपादिलें. नाणीं बहुतेक सोन्याचांदीचीं, शिपायाचें तांबें कोठें आहे, असा आक्षेप निघाला व मत मागें पडलें. १९८७ त टोनी क्लन या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यास त्याच परिसरांत, काल्क्रीझ येथें, चांदीचीं नाणीं मिळालीं. पाठोपाठ गोफणीच्या शिशाच्या गोळ्याही हातीं आल्या. पुढील उत्खननांत व्हॅरसाचा छाप असलेलीं तांब्याचीं नाणीं निघालीं. इ. स. ९ नंतरचें नाणें तेथें नाहीं. कित्येक वर्षें उघड्यावर पडून मग खड्ड्यांत पुरलेलीं माणसांचीं व खेंचरांचीं हाडेंही सांपडलीं. इ. स. १५ मध्यें जर्मॅनिकसानें मृतांचीं हाडें पुरविलीं, या टॅसिटसाच्या कथनाशीं हें जुळतें.

हे अवशेष जर्मॅनिकसाच्याच स्वारींतील असावेत, असें म्हणणारे विद्वान आहेत, व वाद पुरता मिटलेला नाहीं. तथापि वरील प्रमाणें एकत्र पाहतां आमचा कल काल्क्रीझकडे आहे. संग्राहकांनीं येथें एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. बारेनाऊच्या नाण्यांस साक्षीचें मोल आलें, तें तीं कोणत्या भूमींत निघालीं हें ठाऊक होतें म्हणून. तीच नाणीं बाजारांतून विकत घेतलेलीं असतीं, तर मॉम्सेन यांस त्यांवरून कांहींच सिद्ध करितां आलें नसतें. वस्तूबरोबर तिचें प्राप्तिस्थळ टिपून न ठेवणें म्हणजे अर्धा पुरावा आपल्याच हातांनीं नष्ट करणें होय.