पांढऱ्या डब्याची बखर

माणसाने आयुष्यात वाटेल ते धाडस करावे, पण दिवाळीच्या तोंडावर बायकोच्या देखत माळ्यावर चढू नये. चढताना तो साधा सेवानिवृत्त गृहस्थ असतो, उतरतो तो इतिहासकार होऊन. कारण खालून 'हे टाका, ते टाका' असा हुकूम सुटत असतो आणि वर प्रत्येक वस्तू 'मला ओळखलं नाहीत का?' असं विचारत असते.

यंदा मला असंच एक पांढरं डबडं भेटलं. कणीदार साखरेच्या पुड्याएवढं, वर इंच-दीड इंच धूळ.

"ते द्या भंगारात," खालून आवाज आला.

"अगं, हे वी आहे."

"वीस काय?"

"वीस नव्हे. वी!"

या यंत्राचं नाव खरोखर एवढंच आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पुढची अक्षरं छापायची राहिली असावीत. पण जपानच्या निन्टेंडो कंपनीने विचारपूर्वक ठेवलेलं नाव ते. इंग्रजीत लिहिताना शेवटी दोन 'आय' येतात, ती म्हणे शेजारी शेजारी उभी असलेली दोन माणसं. आम्हा उभयतांना कुणी कधी अक्षर केलं नाही. केलं असतं तर जोडाक्षर झालं असतं, आणि पाय मोडलेला मी असतो.

हे यंत्र आमच्या घरी आलं २००८ च्या दिवाळीत. चिरंजीव अमेरिकेतून आले आणि 'बाबा, टीव्हीवरचा खेळ आहे, आजीसुद्धा खेळेल' म्हणून डबा पुढ्यात ठेवला. अमेरिकेची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एक ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. तो यंत्रापेक्षा तिप्पट जड! नवरदेव पाप्याचं पितर आणि करवला पैलवान, असा थाट. डोंबिवली लोकलमध्ये मी तो मांडीवर घेऊन आलो. शेजारचा प्रवासी सबंध प्रवासभर माझ्याकडे पोलिसी नजरेने बघत होता.

आता थोडा पूर्वेतिहास. निन्टेंडो ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी काढली, आणि कशासाठी? तर पत्ते बनवण्यासाठी! फुलापानांची चित्रं असलेले 'हानाफुदा' नावाचे जपानी पत्ते. म्हणजे ज्या उद्योगापायी आमच्या आळीत वडिलांची छडी खावी लागे, त्याच उद्योगावर एक कंपनी कित्येक दशकं तरली.

२००२ साली या कंपनीची सूत्रं सातोरू इवाता यांच्या हाती आली. हे स्वतः प्रोग्राम लिहिणारे. बाकीच्या कंपन्या तेव्हा एकच प्रश्न सोडवत होत्या, चित्र आणखी झकास कसं दिसेल? इवातांनी उलटा प्रश्न विचारला, जे खेळतच नाहीत, ते का खेळत नाहीत? उत्तर सोपं होतं. हातात द्यायच्या त्या यंत्रावर इतकी बटणं की घरातल्या मोठ्या माणसाला ते विमान उडवायचं सामान वाटावं. तेव्हा त्यांनी टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी केली. ती हलवली की पडद्यावर तसं घडतं. आत एक इवलीशी चिप असते, हात कुठे, किती झटकन गेला ते तिला कळतं. १९ नोव्हेंबर २००६ ला अमेरिकेत आणि २ डिसेंबरला जपानात हे यंत्र विक्रीला आलं. चित्रं प्रतिस्पर्ध्यांपेक्षा साधी, पण पुढे खप दहा कोटींच्या वर!

लोक इतक्या आवेशाने खेळले की कांड्या हातातून सुटून टीव्हीवर आदळू लागल्या. मनगटाची दोरी तुटते म्हणून डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायचं जाहीर केलं. आमच्या आईने मात्र ती दोरी पहिल्या दिवशीच गवयाच्या शागिर्दाने गंडा बांधून घ्यावा तशी बांधून घेतली. मी बांधली नाही. माझी कांडी सुटली ती थेट सासरेबुवांच्या तसबिरीवर. तो अपघात होता, हे आज इतक्या वर्षांनंतरही मान्य झालेलं नाही.

यंत्राबरोबर 'वी स्पोर्ट्स' नावाची तबकडी अमेरिकेत फुकट मिळे. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध. आईने ७६ व्या वर्षी बोलिंग धरलं. पदर खोचून, एक पाऊल पुढे टाकून ती असा काही चेंडू सोडी की दहाच्या दहा खुंट्या आडव्या! तिकडे अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांतही तेव्हा हेच चाललं होतं, हे मागाहून वाचलं. आम्ही आठवडाभर टाळ्या वाजवल्या. मग चिरंजीव परत गेले, मी बँकेत, ही शाळेत, आणि डबा टीव्हीखाली. निदान माझी तशी समजूत होती.

आणि इथेच या बखरीतला अन्याय सुरू होतो. पंगतीत बसल्या बसल्या मठ्ठ्यानेच पोट भरावं आणि जिलबी ताटात तशीच राहावी, तसं या यंत्राचं झालं. फुकटच्या तबकडीवर घरंच्या घरं तृप्त झाली. सराईत खेळाडू म्हणाले, हे तर म्हाताऱ्याकोताऱ्यांचं खेळणं. शिवाय खप बघून बाजारात रद्दी खेळांचाही पूर आला. त्यात जे खरोखर गुणी खेळ होते ते ना इकडचे ना तिकडचे राहिले. आमच्याकडे चिरंजीवांनी २००८ आणि २०१० च्या फेऱ्यांत आणलेले असे सात खेळ होते. ते मी या दिवाळीत पहिल्यांदा पाहिले. मान खाली घालून सांगतो.

'बूम ब्लॉक्स' घ्या. हा २००८ चा, आणि यामागे डोकं कुणाचं, तर स्टीव्हन स्पीलबर्ग यांचं. ज्यांनी शार्क आणि डायनोसॉर दाखवून जगाला घाबरवलं, त्यांनी इथे काय केलं? ठोकळ्यांचे मनोरे रचले आणि चेंडू मारून पाडायला सांगितले. साहेब, ही आमची लगोरी! फक्त पळायला नको, आणि काच फुटली तर शेजारीण येत नाही.

'कोरोरिन्पा'मध्ये एक गोटी असते. कांडी कलती केली की सबंध जग कलतं आणि गोटी घरंगळते. कोरो-कोरो म्हणजे जपानीत घरंगळण्याचा आवाज. 'झॅक अँड विकी'त कांडी देवळातल्या घंटेसारखी वाजवली की गोमेची करवत होते, आणि मग तीच कांडी मागेपुढे करून झाड कापायचं. 'लेट्स टॅप'मध्ये तर कांडी हातातही धरायची नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर पालथी ठेवायची आणि खोक्यावर बोटांनी ठेका धरायचा. बँकेच्या टेबलावर मी अशीच उमेदीची वर्षं घालवली, पण तेव्हा त्याला कामचुकारपणा म्हणत.

'लिटल किंग्ज स्टोरी' हा २००९ चा. एका बुजऱ्या पोराला मुकुट सापडतो आणि गाव त्याचं ऐकू लागतं. राजाने स्वतः फारसं काही करायचं नाही, शेतकऱ्याला, सुताराला कामाला लावायचं. नोकरीत साहेबलोक पाहिल्यामुळे हा मला लगेच समजला. तो करणारी सिंग नावाची कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि 'अ बॉय अँड हिज ब्लॉब' मध्ये एक मुलगा आणि त्याचा गोळ्यासारखा दोस्त. त्यात एक बटण आहे, ते दाबलं की मुलगा दोस्ताला मिठी मारतो. खेळात पुढे जायला त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी ते ठेवलंय.

सहा झाले. सातवा मुद्दाम मागे ठेवला.

यंत्र सुरू तर झालं, पण पडद्यावर बोट म्हणून जो पंजा फिरायचा तो येईना. टीव्हीपुढे ठेवायच्या पट्टीची वायर उंदराने खाल्ली होती. समोरच्या बिऱ्हाडातला पिंट्या आता इंजिनियर आहे. तो आला आणि म्हणाला, "काका, ती पट्टी काही ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे असतात. ते कांडीला दिसतात. दोन मेणबत्त्या लावा, चालेल."

मेणबत्त्या घरात नव्हत्या. हिने दोन निरांजनं आणली. पंखा बंद, दोन वाती टीव्हीपुढे, आणि पंजा खरोखर पडद्यावर उगवला! तेवढ्यात शेजारच्या वहिनी डोकावल्या आणि कसली पूजा म्हणून हात जोडून उभ्या राहिल्या.

पडद्यावर 'मी' नावाच्या बाहुल्यांचं मैदान आलं. घरातल्या माणसांच्या बाहुल्या आपणच बनवायच्या असतात. त्यांत अंबाडा, चष्मा आणि कपाळावर टिकली अशी आई हिंडत होती. टिकलीची सोय यंत्रात नाही, म्हणून लहानपणी पिंट्याने गालावरचा तीळच उचलून कपाळाच्या मधोमध बसवला होता. आई २०१२ मध्ये गेली. हे तिला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

या यंत्रात रोजनिशी असते. कोणत्या दिवशी कोणता खेळ किती वेळ झाला, ते आपोआप नोंदलं जातं. मी सहज मागची पानं काढली. २००९ चा एक मंगळवार. 'एंडलेस ओशन', एक तास दहा मिनिटं. बुधवार, पन्नास मिनिटं. गुरुवार, पुन्हा. असं महिनोन्‌महिने!

"पिंट्या, हे कोण खेळायचं?"

"आजी," तो म्हणाला. "दुपारी मी शाळेतून आलो की लावून द्यायचो. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या. तुम्ही विजेच्या बिलावरून बोलता म्हणून."

हा सातवा खेळ. अरिका नावाच्या जपानी कंपनीने २००७ मध्ये केलेला. यात पाणबुड्या होऊन समुद्रात पोहायचं. कुणाला मारायचं नाही, कुणी मारत नाही, गुणही नाहीत. कांडी दाखवाल तिकडे पोहायचं. माशाला हळूच हात लावला की त्याची माहिती वहीत चढते. आमची आई वेंगुर्ल्याची. समुद्राच्या गाजेत वाढली, पण घोट्यावर पाणी लागेल इतकीच आत गेलेली. मग लग्न होऊन डोंबिवलीला आली, जिथे समुद्र फक्त पावसाळ्यात रुळांवर दिसतो.

"इंग्रजी नावं त्यांना नको असायची," पिंट्या म्हणाला. "हा मोरी, ही पाकट, असं त्याच मला शिकवायच्या. पाकट दिसली की म्हणायच्या, याचं तिखलं फार बरं होतं."

मी काही बोललो नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी तिला विचारत असे, 'जेवलीस? गोळी घेतलीस?' दुपारी काय केलंस, हे एकदाही विचारलं नव्हतं.

या यंत्राचं नेटवरचं दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. तिथून उतरवून न घेतलेले खेळ आता तिथून मिळायचे नाहीत. तबकड्या मात्र उरल्या आहेत, कुणाकुणाच्या माळ्यावर. तुमच्याही असतील तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा लावून बघा. रोजनिशीही बघा.

आईची वही अर्धी भरली आहे. उरलेली आता मी भरतो. दुपारी दोन निरांजनं लावून, पंखा बंद करून, घाम पुसत. ही भाजी निवडत शेजारी बसते. परवा पडद्यावरून एक भली थोरली पाकट पंख हलवत गेली.

"काय हो," हिने विचारलं, "याचं तिखलं करतात तरी कसं?"

"ते आईला विचारायला हवं होतं," मी म्हणालो.