अभ्यंग, आज्ञापत्र आणि त्वचेचे आरोग्य

राजेरजवाड्यांच्या लढाया आणि तहनामे यांचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. परंतु माणसे सकाळी उठून अंगाला काय लावीत, कसल्या पाण्याने न्हात आणि कोणते वस्त्र नेसत, याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. वास्तविक त्वचेचे आरोग्य औषधांपेक्षा अशा नित्याच्या सवयींवरच अधिक अवलंबून असते. गोमंतकात हा इतिहास विशेष उद्बोधक आहे. कारण लग्नात वधूवरांच्या अंगाला हळद आणि तेल लावणे हा येथे एके काळी धर्मसत्तेने अपराध ठरविला होता.

प्रथम हवेचा विचार करू. मुरगावच्या भूशिराला एका बाजूस जुवारी नदीचे मुख आणि दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. चैत्र-वैशाखात घाम वाळत नाही आणि आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत. अशा हवेत घामोळे, नायटा, गजकर्ण हे विकार घरोघर आढळतात. शेतात चिखल तुडविणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कोकणच्या माणसाचे रोजचे स्नान ही केवळ धर्माची आज्ञा नव्हती. हवेनेही ती त्याच्यावर लादलेली होती.

या स्नानामागे शास्त्र होते. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन आणि स्नान हा क्रम सांगितलेला आहे, आणि अभ्यंगाच्या फळांत उत्तम त्वचेची गणना केलेली आहे. येथे क्रमाला महत्त्व आहे. तेल आधी लावावयाचे, उटण्याने जास्तीचे काढून टाकावयाचे आणि मग न्हावयाचे. दमट हवेत तेलाचा जाड थर अंगावर तसाच राहिला, तर घामाची तोंडे बंद होऊन घामोळे वाढण्याचा संभव असतो. धुऊन काढल्यावर जो पातळ ओशटपणा मागे राहतो, तो मात्र कातडीतील ओलावा टिकवून धरतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज येथे आले, तेव्हा युरोपात निराळीच समजूत प्रचलित होती. ऊन पाण्याने अंगाची रंध्रे उघडतात आणि त्यांवाटे रोग आत शिरतात, असे तेथील वैद्य मानीत. स्वच्छतेसाठी अंग धुण्यापेक्षा आतील वस्त्र बदलणे त्यांना पुरेसे वाटे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने येथील स्त्रिया रोज सर्वांग धुतात, हे आवर्जून नमूद केले आहे. त्याच्या डोळ्यांना ती नवलाची गोष्ट होती.

पुढे जुन्या गोव्यावर साथींचे संकट कोसळले. विहिरींचे पाणी दूषित झाले आणि वस्ती ओस पडू लागली. त्यात १६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने पोर्तुगीजांची झोप उडविली. तेव्हा विजरई कोंदि द आल्व्होर याच्या कारकिर्दीत राजधानी मुरगावला हलविण्याचे ठरले. तेथील किल्ला आणि समुद्राची मोकळी हवा यांवर भिस्त होती. तो बेत तडीस गेला नाही. १७५९ मध्ये विजरईचे निवासस्थान पणजीस गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पाणी बिघडले की भरभराटीचे नगरही टिकत नाही, एवढे मात्र या प्रकरणाने दाखवून दिले.

आता त्या आज्ञापत्राकडे वळू. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० साली झाली आणि १८१२ साली ते कायमचे बंद झाले. या न्यायासनाने १४ एप्रिल १७३६ रोजी एक विस्तृत आज्ञापत्र काढले. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथात त्याचा परिचय करून दिला आहे. स्थानिक ख्रिस्ती लोकांनी अंगणात तुळस ठेवू नये, पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी कलमे त्यात आहेत. आणि लग्नात वधूवरांच्या अंगाला हळद, खोबरेल, तांदळाचे पीठ इत्यादी लावू नये, असेही आहे. सत्ताधाऱ्यांना त्वचेच्या आरोग्याशी काही कर्तव्य नव्हते. हे लेपन पूर्वधर्माची खूण आहे, एवढाच त्यांचा आक्षेप होता.

परंतु सवय हुकमाने जात नाही. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाच्या आधी वधूला व वराला आपापल्या घरी नारळाचा रस चोळण्याचा 'रोस' हा विधी आजही होतो. शेजारच्या हिंदू घरी हळद लागते, या घरी रोस लागतो. आणि दोन्हीकडे आयाबायांचाच पुढाकार असतो. धर्म बदलला, नावे बदलली, पोशाखही बदलला. नारळ मात्र दोन्ही घरांतून गेला नाही. ज्या न्यायासनाचा दरारा अडीचशे वर्षे होता, त्याचा या घरगुती आचारापुढे निभाव लागला नाही.

मग आजचे काय? जे काम आज्ञापत्राला साधले नाही, ते बाजाराने पुष्कळसे साधले आहे. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. साध्या साबणाचा तो नऊ ते दहा असतो. दिवसातून तीनतीनदा साबण चोळल्याने अंगचा ओशटपणा निघून जातो, कातडी कोरडी पडते आणि खाजू लागते. त्यावर घट्ट, कृत्रिम धाग्याचे कपडे आणि घरभर एकच पंचा, म्हणजे नायट्याला आमंत्रणच! मग दुकानातून न विचारता मलम आणले जाते. त्यात स्टेरॉइड असले तर खाज तात्पुरती थांबते, परंतु बुरशी आत पसरत राहते आणि पुढे औषधाला दाद देईनाशी होते. याच कारणास्तव २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तथापि नियमाने दुकानदार बांधला जाईल. घरातली सवय घरच्यांनीच सुधारली पाहिजे.

परंपरेचे आंधळे गोडवे गाण्याचे कारण नाही. हळद म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा नव्हे, आणि नायट्यावर तेल चोळल्याने तो बरा होत नाही. परंतु बेताचे तेल आणि बेताचाच साबण, न्हाल्यावर काखा-जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, सुती आणि नीट वाळलेले कपडे, ज्याचा त्याचा वेगळा पंचा, आणि आठवड्यात बरा न होणारा चट्टा डॉक्टरांना दाखविणे, एवढे पाळण्यास ना पैसा लागतो ना पांडित्य. आपल्या आज्यांनी एका जबर सत्तेपुढे जी सवय टिकविली, ती कशासाठी होती हे समजून घेऊन पुढील पिढीच्या हाती देणे, एवढे काम आपल्याकडे उरते.