गवसणीतली धूळ

‘आकाशाला गवसणी घालणे’ हा वाक्प्रचार शाळेच्या निरोप समारंभात इतक्यांदा कानावर पडतो, की गवसणी म्हणजे काहीतरी भव्यदिव्य असणार असं वाटत राहतं. प्रत्यक्षात गवसणी म्हणजे खोळ. तंबोऱ्याला, सतारीला घालतात ती. आभाळाला खोळ शिवायची, एवढाच त्या वाक्प्रचाराचा दावा. (माप कोण घेणार, हा प्रश्न इंजिनिअरच्या डोक्यात येतोच.)

आमच्या घरात अशा खोळी तीन. बाबांच्या तबला-डग्ग्याची फोमची बॅग, माझी कॅमेऱ्याची बॅग आणि आजोबांच्या पेटीची रजईसारखी शिवलेली खोळ. साफ करायच्या म्हणजे गॅलरीत नेऊन झटकायच्या, अशी घरची रीत. झटकायचं काम आईचं, आणि दमाही आईलाच. म्हणून मी या धुळीचा इतिहास वाचायला घेतला.

कापूस भरलेली वस्तू साफ करायची जुनी पद्धत म्हणजे ती सरळ उसवणं. वरचं कापड धुवायला आणि कापूस पिंजाऱ्याकडे. धनुकलीची ताणलेली तात कापसात थरथरली की तंतू सुटे व्हायचे आणि धूळ निघायची. वस्तू खरोखर स्वच्छ होत असे. धूळ मात्र काही जमिनीवर पडायची आणि काही पिंजाऱ्याच्या छातीत जायची.

१९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनिअर एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहायला गेला. ते यंत्र जोरात हवा फुंकून धूळ उडवायचं. म्हणजे आमची गॅलरी, फक्त यांत्रिक. बूथने विचारलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? ते जमत नाही, असं उत्तर मिळालं. मग तो एका उपाहारगृहात गेला आणि खुर्चीच्या मखमली गादीला तोंड लावून त्याने जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव गुदमरला, पण कल्पना सिद्ध झाली. इतकं स्वस्त टेस्टिंग मी आमच्या क्षेत्रातही पाहिलेलं नाही. त्याचं पहिलं यंत्र एवढं अवाढव्य होतं, की ते घोडागाडीवरून यायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि खिडकीतून नळ्या आत सोडल्या जायच्या.

ते घरात आणलं जेम्स मरे स्पँगलरने. हा अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करायचा, आणि त्याला दमा होता. झाडूने उडणारी धूळ सोसेना, म्हणून त्याने पंख्याची मोटर, लाकडी खोकं, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा असं जोडून यंत्र केलं. १९०८ साली पेटंट मिळालं. ते हूव्हर कुटुंबाने विकत घेतलं आणि पुढे नाव हूव्हरचं झालं. मला यातला अभ्रा महत्त्वाचा वाटतो. ज्याची छाती धुळीने भरत होती, त्यानेच धुळीला दुसरी जागा करून दिली.

धुळीतलं नेमकं काय बाधतं, हे १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं. घरच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट असतात, आणि त्यांची विष्ठा ही अ‍ॅलर्जीचं मोठं कारण. त्यांना ऊब, दमट हवा आणि आपल्या त्वचेचा कोंडा लागतो. गाद्या-उशा त्यांची खास वस्ती. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कपाटावर पडून राहिलेली जाड बॅगही त्यांना गैरसोयीची नाही.

मधल्या काळात कापूस गेला आणि फोम आला. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी लावला. मऊ फोम १९५०च्या दशकात बाजारात आला. हलका, धक्के झेलणारा. पण आजच्या बॅगेत तो कापडांच्या दोन थरांत चिकटवून शिवलेला असतो. उसवायची सोयच गेली, आणि जे करायचं ते बाहेरूनच करणं आलं.

म्हणून आता घरी झटकणं बंद. बॅग पूर्ण रिकामी करायची, मऊ ब्रशचं तोंड लावून व्हॅक्यूम सावकाश फिरवायचा; शिवणींत आणि कोपऱ्यांत जास्त वेळ. चेनच्या दातांना जुना टूथब्रश. मशीनला हेपा फिल्टर हवा, नाहीतर बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत येते. (हा फिल्टर मुळात अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवायला विकसित झाला. आमच्याकडे तो डग्ग्याच्या बॅगेसाठी राबतो.) ओलं फडकं सगळ्यात शेवटी, घट्ट पिळून, आधी ओलं केलं तर धुळीचा चिखल होऊन विणीत बसतो. हे सगळं मी करतो, मास्क लावून. आई तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत, दार लावून.

वॉशिंग मशीनमध्ये बॅग टाकायची नाही. फोम पाणी धरून ठेवतो. तबल्याच्या पुडीला ओल चालत नाही आणि लेन्सला बुरशी येते. वरून हाताला कोरडं लागलं तरी आत ओल असू शकते. त्यामुळे बॅग दोन दिवस चेन उघडी ठेवून सावलीत खुर्चीच्या पाठीवर टांगलेली असते, आणि तोवर बाबा तबला आईच्या जुन्या साडीत गुंडाळून क्लासला नेतात.