भेगेचे माप

१९४३ सालच्या १६ जानेवारीची रात्र. अमेरिकेतील पोर्टलंड येथे, नदीकाठच्या धक्क्याला ‘शेनेक्टडी’ नावाचे कोरे तेलवाहू जहाज उभे होते. चाचणीचा प्रवास सुखरूप आटोपला होता. वादळ नव्हते, पाणी शांत होते. आणि एकाएकी मैलभर ऐकू जाईल असा आवाज होऊन जहाजाची कंबर मोडली. तळाचे पत्रे तेवढे शाबूत राहिले.

युद्धाची घाई होती. रिवेट ठोकण्याऐवजी पत्रे वेल्डिंगने सांधून जहाजे भराभर बांधली जात. कित्येक लिबर्टी जहाजांनाही अशाच भेगा पडल्या. पहिला ठपका अर्थातच वेल्डिंगवर, म्हणजे सांधणाऱ्या हातांवर आला.

केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपरबाईंनी मात्र पोलादालाच जाब विचारला. थंडी एका मर्यादेपलीकडे गेली की ते पोलाद लवायचे सोडून काचेसारखे तडकते, असे त्यांना आढळले. वेल्डिंग अगदीच निर्दोष नव्हते. पण रिवेटच्या जहाजात भेग बहुधा पत्र्याच्या कडेशी थांबे, अखंड सांधलेल्या जहाजात तिला अडवणारे कोणी नव्हते.

मी शाळामास्तर. खडूला नखाने चरा पाडून वाकवला, तर तो नेमका तिथेच मोडतो, हे रोज पाहतो. फ्रान्सच्या जॉर्ज शार्पीने १९०१ सालीच खाच पाडलेल्या पट्टीवर लोलकाचा घाव घालण्याची कसोटी मांडली होती. पट्टी मोडायला किती ऊर्जा लागली ते तिच्यातून कळे. भेग केव्हा हलली ते कळत नसे.

ती उणीव भरून काढण्याची वाट इंग्लंडच्या ॲलन वेल्स यांनी १९६१ साली दाखवली. भेगेचे टोक किती उघडते, तेच मोजा, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी खाचेच्या पट्टीवर पुनःपुन्हा हलका भार देऊन खाचेच्या तळाशी खरी भेग उगवायची. मग पट्टी दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबायची आणि भेगेच्या तोंडाशी चिमट्यासारखे नाजूक मापक बसवायचे. तोंड किती फाकले, यावरून टोकाचा हिशेब मांडता येतो. टोक बोथट होत उघडत राहिले तर धातू चिवट. फारसे न उघडताच भेग धावली तर ठिसूळ. प्लॅस्टिकच्या पट्ट्याही आज अशाच वाकवून पारखतात.

‘शेनेक्टडी’ दुरुस्त होऊन त्याच वर्षी पुन्हा समुद्रावर गेले. ज्या हातांवर ठपका आला होता, तसल्याच हातांनी ते पुन्हा सांधले होते.